उपयुक्त चर्चेबद्दल आभार

रविवारी सकाळी दुधाच्या बूथवर रांगेत उभं असताना उल्हास आंबेकरला कळलं, की आपले आभार मानण्यात आले आहेत. मानले गेले होते गुरुवारीच, आणि जगाला ते तेव्हाच कळलं होतं. जग म्हणजे अनंत गटांमधल्या संयुग्मतेत ज्यांना रस आहे अशी पृथ्वीवरची शे-दीडशे माणसं. त्यांतली निम्मी एकमेकांवर रुसलेली. पण ज्याचे आभार त्याच्यापर्यंत पोचायला रविवार उजाडला. हैदराबादहून मुरलीधरचा मेसेज होता. मुरलीधर जुना मित्र, त्याच विषयातला, त्याच वर्षी रिटायर झालेला. ‘अभिनंदन! अखेर बाळंत झालात! पण तुझं नाव दिसेना. चष्म्याचा नंबर वाढला का माझा?’ खाली लिंक होती. गणिती लोक आपला लेख छापून येण्याआधी ज्या साइटवर सगळ्यांसाठी मांडून ठेवतात, तिथली. उल्हासनं तिच्यावर बोट टेकवलं. शीर्षक त्याचंच होतं, म्हणजे सहा वर्षांपूर्वी त्यानंच सुचवलेलं. शीर्षकाखाली दोन नावं होती: सुधन्वा गित्ते, राजीव खुराना. गणितात नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावतात, कोणी किती केलं ह्यावर नाही. हा एवढा एक समाजवाद त्या विषयात शिल्लक आहे. आंबेकर म्हणजे ए. तो असता तर पहिलाच असता, आणि पहिला नव्हता म्हणजे नव्हताच; पुढे शोधण्यात अर्थ नव्हता. तरी तो अंगठ्यानं पानं सरकवत खाली खाली जात राहिला, आणि अगदी तळाला, संदर्भसूचीच्या उंबऱ्यावर, स्वतःला सापडला. एका संस्थेनं केलेला पाहुणचार आणि लेख वाचून टायपाच्या चुका दाखवणारा कुणी अनाम विद्यार्थी ह्यांच्या मधोमध: ‘उपयुक्त चर्चेबद्दल यू. आंबेकर ह्यांचे आभार.’

“अंकल जी, फुल क्रीम या टोन्ड?” बूथवाला विचारत होता.

“हां,” उल्हास म्हणाला.

अपमान वगैरे त्याला काही वाटला नाही. फक्त दोन्ही कानांच्या मागे गार वाटलं, लहानपणी न्हाव्यानं मशीन फिरवल्यावर वाटायचं तसं. हातातली दुधाची पिशवीही गार होती, तेव्हा कुठला गारवा कुठला हे नीट वेगळं करता येईना. दिल्लीच्या द्वारकेत फेब्रुवारीतलं धुकं म्हणजे निम्मं धुकं आणि निम्मं इतर. समोरच्या सोसायट्यांचे वरचे मजले त्यात गेलेले होते आणि खालचे तेवढे भाड्यानं दिल्यासारखे उभे होते. चालता चालता त्याच्या लक्षात आलं, की आपण मनातल्या मनात शिकवतो आहोत. ही त्याची जुनी खोड. दाढ काढतानादेखील त्यानं एकदा डोळे मिटून पूर्ण तास घेतला होता. संयुग्मता म्हणजे काय, हे त्यानं पस्तीस वर्षं पोरांना एकाच पद्धतीनं सांगितलं होतं. घरातून निघा, तिकडे जाऊन एक काम करा, आणि गेलात त्याच वाटेनं परत या. तुमचं तिथलं काम घरी बसलेल्या माणसाला जसं दिसेल, ते त्या कामाचं संयुग्मी रूप. काम तेच, बघणारा दुसरीकडे बसलेला. आता दोन कामं दिली, तर ती अशी एकमेकांची रूपं आहेत की नाहीत हे ठरवता येईल का? हा झाला संयुग्मतेचा प्रश्न. अनंत गटात तो कधी सुटतो, कधी सुटतच नाही, आणि कधी सुटणार नाही एवढंच सिद्ध करता येतं. इथपर्यंत पोरं माना डोलवायची. मग तो म्हणायचा, आता थोडा पीळ घालू. तुम्ही गेलात, काम केलंत, आणि परत फिरलात. पण तेवढ्यात कोणीतरी वाट बदलून ठेवली. उलटी केली, समजा. तीन पावलं पुढे गेला होतात, परत यायला तीन पावलं टाकलीत, तर मागे येण्याऐवजी आणखी तीन पुढे. घरापासून सहा पावलं. आणि गंमत अशी, की तिकडे काही काम केलंच पाहिजे असं नाही. नुसतं जाऊन आलं, काहीही न करता, तरी माणूस मूळ जागी येत नाही. इथे वर्ग हसायचा. आज सोसायटीच्या गेटवर गार्डनं सलाम ठोकला तेव्हा उल्हासला एकदम वाटलं, की ह्या वाक्याला हसणं वर्गाच्या दृष्टीनं जरा घाईचंच होतं.

चंद्रप्रभा जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. त्याची बायको, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालेली. ज्या दिवशी रिटायर झाली त्या दिवशी तिच्या टेबलावर एकही फाइल उरलेली नव्हती, आणि हे कारकिर्दीचं सार म्हणून तिला पुरेसं होतं.

“फुल क्रीम आणलंत,” पिशवीकडे बघून ती म्हणाली.

“तेवढंच होतं.”

“बरं. चहा होईल तरी धड आज.”

“सुधन्वा येतोय ना संध्याकाळी?”

“येतोय की. रविवार आहे.”

तिनं ‘का?’ असं विचारलं नाही. नवरा साडेआठ वाजता विचारतो, की दर रविवारी जेवायला येणारा मुलगा ह्या रविवारी येणार का, आणि बायको ‘का’ म्हणत नाही. एरवी ही बाई पावसाला ‘का’ म्हणायची. पण उल्हासच्या ते तेव्हा ध्यानात आलं नाही. तो मागच्या खोलीत गेला, दार लोटलं आणि लेख मोठ्या अक्षरात उघडून वाचायला बसला. मनात एकच इच्छा होती, आणि ती इतकी निर्मळ होती की तिला प्रार्थनाच म्हणायला हवं. लेख चुकलेला असू दे.

सुधन्वाला घरी आणलं ते चंद्रप्रभानंच. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पंगतीला ताटं वाटणारा एक काटकुळा मुलगा, गंगाखेडकडचा, जुन्या राजेंद्रनगरात एका खोलीत तिघांबरोबर राहून यूपीएससीची तयारी करणारा. दिल्लीत अशी हजार पोरं असतात. कलेक्टर होईपर्यंत ती सगळी सारखीच दिसतात. ह्यानं ऑप्शनल गणित घेतलेलं. “सरांना विचार हो शंका,” चंद्रप्रभानं सांगितलं, आणि पुढच्या रविवारी तो शंका घेऊन हजर. त्याची पहिली शंका उल्हासला अजून आठवत होती. बाकीची पोरं विचारतात, हे परीक्षेला येईल का, ह्यानं विचारलं, “सर, हे खरं कशामुळं आहे?” त्या ‘कशामुळं’पायी उल्हासनं त्याला पिठलंभाकरी वाढता वाढता कलेक्टरकीतून काढलं. दोनदा मुख्य परीक्षेत आपटून तो हळवा झालेलाच होता. पीएचडीला घातला. बातमी कळली तसा गंगाखेडहून त्याचा बाप आला, हणमंत, तहसील कचेरीतला शिपाई. ज्या खोलीबाहेर आपण आयुष्यभर स्टुलावर बसलो, त्या खोलीत पोरगा बसावा एवढंच त्याचं मागणं. तो सोफ्याच्या कडेवर टेकला, पाणी प्यायला, आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाला, “साहेब, तुम्ही माझा कलेक्टर खाल्ला.” मग बोलावल्यावर पानावर बसला आणि पोटभर जेवला. जाताना उल्हासच्या पायाही पडला, आणि त्या पाया पडण्यातून सुटायला उल्हासला पुढे बरेच महिने लागले. मी त्याचं भलं करीन, असं त्यानं तेव्हा मनाशी ठरवलं. दुसऱ्याचं भलं करायचं ठरवलं की माणसाचा हिशेब आपोआप सुरू होतो. फक्त तो वहीत नसतो, म्हणून आपल्याला निःस्वार्थ वाटत राहतं.

वरून एक विमान गेलं. द्वारकेत विमानं इतकी खालून जातात की चाकं मोजता येतात. लेखाचं तिसरं पान आलं, आणि पानिपतची बस आठवली. दर चौदा जानेवारीला मंडळाची बस काला अंबला जाते, स्मारकाला वंदन करायला. सहा वर्षांपूर्वी ती धुक्यामुळे मुरथलच्या ढाब्यावर दोन तास थांबली. लोकांनी आधी पराठे खाल्ले, मग ‘मराठे हरले का’ ह्यावर वाद घातला, मग पुन्हा पराठे खाल्ले. उल्हास आणि सुधन्वा बसमध्येच बसून होते. त्यांना सिद्ध करायचं होतं ते इतकंच, की एका विशिष्ट जातीच्या अनंत गटात वाट कशीही बदला, कोणताही पीळ घाला, कामांचे वेगवेगळे वर्ग अनंतच पडतात. मूठभर वर्गांत सगळं कधी गोळा होत नाही. बसच्या वाफ धरलेल्या काचेकडे बघता बघता उल्हासला ते दिसलं. कसं दिसलं हे विचारू नये. पस्तीस वर्षं नापीक जमीन नांगरली की एखाद्या सकाळी ती आपसूक चार कणसं काढते. “सुधन्वा,” तो म्हणाला, “गटाला दोन मजले आहेत असं समज. वरच्या मजल्यावर कामांचा क्रम बदलला तरी चालतं. आधी अ मग ब काय, आधी ब मग अ काय, सारखंच. आणि क्रम बदलल्यानं जो फरक पडतो, तो सगळा तळघरात साठतो. तळघर सोडून दे. तो कचरा आहे. नुसता वरच्या मजल्यावर मोज.” सुधन्वानं हातातली तिळाची वडी तोंडात टाकायची थांबवली. काला अंबला मंडळाचे अध्यक्ष भाषण करत होते तेव्हा हे दोघं लोकांच्या मागे उभे राहून तळहातावर बोटानं लिहीत होते. एक आजोबा वळून खेकसले, “अहो, इथं लाख माणूस पडलं आणि तुम्ही आकडेमोड कसली करताय?” सुधन्वा अत्यंत आदरानं म्हणाला, “काका, आमचे त्याहून जास्त निघालेत.” परतीच्या प्रवासात उल्हासला झोप लागली नाही. त्याच्या नावावर दहा-बारा लेख होते. वाचलेत असं भेटल्यावर सांगणारे चारजण होते. हे त्याचं पहिलं प्रमेय असणार होतं. लोक म्हणतील, आंबेकरचं प्रमेय. म्हणजे आंबेकर-गित्ते. पण माणसं आळशी असतात, पहिल्या नावाशी थांबतात.

सिद्धतेतली एक शक्यता, उलटा केस, तेवढी राहिली होती. वाट बदलणं म्हणजे नेमकं उलटी करणं, तीन पुढचे तीन मागे, अशा पिळाचा. तिथे वरच्या मजल्यावर सगळी मोजणी कोसळते: सम आणि विषम, असे दोनच वर्ग उरतात. उल्हास म्हणाला, “होईल. घाई नको.” सुधन्वा दर रविवारी यायचा, जेवण होई, मग टेबल पुसून कागद. मधली कोरोनाची दोन वर्षं फोनवर. “सर, उलटा केस सोडून बाकीचं पाठवून देऊ या का?” सुधन्वानं एकदा विचारलं. उल्हास म्हणाला, “एक पाय नसलेलं टेबल कोणी दुकानात ठेवतं का?” वाक्य त्याला इतकं पटलं, की पुढे प्रत्येक वेळी तो तेच वापरत गेला. सहा वर्षं गेली. सुधन्वाला पीएचडी दुसऱ्याच कुठल्या कामावर मिळाली; मग हरयाणातल्या एका खाजगी विद्यापीठात वर्षावर्षाच्या करारावर नोकरी; मग तिथला राजीव खुराना नावाचा तरुण सहकारी बोलण्यात येऊ लागला. राजीवनं गाडीतून सोडलं, राजीव म्हणतो परिषदेला चला. उल्हासनं त्याला एकदाच बघितलं होतं. हसरा माणूस, दोन फोन.

सातव्या पानावर मजल्यांची युक्ती होती, जशीच्या तशी. ‘तळघर’ तेवढं नव्हतं. त्याच्या जागी एक स्वच्छ, बेवारस इंग्रजी शब्द. उल्हासनं तिथे बराच वेळ नजर ठेवली. स्वतःचं पोर शेजाऱ्याच्या गणवेशात बघावं तसं. पुढे उलटा केस. इथे तो खुर्चीत सावरून बसला, कारण चूक असेल तर इथेच असणार. सहा वर्षं तो ह्या खोलीत राहिलेला होता, कुठे डोकं आपटतं ते त्याला अंधारातही माहीत होतं. एक वाट त्याला ठाऊक होती: उलटं दोनदा केलं की सुलट होतं, म्हणून पीळ दोनदा घालून बघायचा, पण ती खोटी निघते, हे त्यानं स्वतः आठ महिने घालवून ठरवलेलं. पोरगा त्याच खड्ड्यात पडला असेल, असं मनात येऊन तोंडाला चक्क पाणी सुटलं. पण सुधन्वा त्या वाटेला गेलेलाच नव्हता. तो तळघरात उतरला होता. वरच्या मजल्यावर सगळं उलटं झालं असेल, तर खाली फरक कसला साठतो? दोन उलट्यांचा. आणि दोन उलट्यांचा फरक सुलट असतो. वरची वाट कितीही उलटी करा, तळघरातली वाट जशीच्या तशी राहते. आणि तिथे वर्ग अनंत पडतात. अर्ध्या पानात संपलं. उल्हासनं दोनदा तपासलं, मग कागद घेऊन हातानं तपासलं. अचूक होतं. शाळेतल्या पोरालाही माहीत असलेलं उणे गुणिले उणे. सहा वर्षं ते खाली पडून होतं, आणि त्यानं जिन्याचं दार पहिल्याच दिवशी बसमध्ये बंद करून टाकलं होतं, कचरा म्हणून. चोरी झाल्याचं दुःख माणूस सांगू तरी शकतो. चोरानं आपल्या घरातून नेलेल्या लोखंडाच्या पेटीत सोनं निघालं, आणि आपण सहा वर्षं तिच्यावर बसून जेवत होतो, हे कोणाला सांगायचं?

दुपारी जेवला तो काय जेवला ते कळलं नाही. मटार होते, एवढं आठवलं. मग भाषणाची तयारी सुरू झाली, कारण संध्याकाळी सुधन्वा येणार, गोंधळणार, आणि म्हणणार, सर, नाव घालतो. साइटवर लेखाची दुसरी आवृत्ती केव्हाही चढवता येते. नाव वाढवायला दहा मिनिटं पुरतात. तेव्हा काय म्हणायचं? नाही म्हणायचं, हे ठरलेलंच होतं. कसं म्हणायचं एवढाच प्रश्न. ‘सुधन्वा, नाव ही मागून घ्यायची गोष्ट नसते.’ हे चांगलं होतं. पण दिवाळी अंकातलं वाटलं. ‘ठेव तुझ्याकडेच.’ हे फार भांडखोर. ‘कुठलं नाव?’ हे सर्वांत उत्तम, भुवया किंचित वर. नुसत्या त्या भुवयांनी मुलगा आयुष्यभर झोपणार नाही. आरशासमोर जाऊन त्यानं त्या करून बघितल्या. आरशात कोणीतरी पेन्शनीतला माणूस औषधाचं लेबल वाचायचा प्रयत्न करत होता.

साडेसहाला बेल वाजली. सुधन्वा हातात जिलबीचा पुडा घेऊन उभा. आता तो काटकुळा राहिलेला नव्हता. बूट काढताना त्यानं सवयीनं उल्हासच्या चपला नीट लावून ठेवल्या.

“काकू, जिलबी गरम आहे. सर, नमस्कार.”

“ये,” उल्हास म्हणाला. “आलं म्हणे.”

सुधन्वा खाली बघायला लागला. मग त्यानं वर बघितलं, पण उल्हासकडे नव्हे, स्वयंपाकघराच्या दाराकडे. दारात चंद्रप्रभा हात पुसत उभी होती. त्या बघण्यात एवढंच होतं, की आता तुम्ही सांगा. आणि सकाळपासून न आलेला तो ‘का’ आत्ता उल्हासच्या डोक्यात धाडकन येऊन पडला.

“तुला माहीत होतं,” तो चंद्रप्रभाला म्हणाला.

“हो.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून. ह्यानं मला फोन केला. म्हणाला, काकू, उलटा केस सुटला, पण सरांना कसं सांगू?”

“कसं सांगू म्हणजे? तोंडानं!”

“सर,” सुधन्वा म्हणाला, “मी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, थांब, अजून जरा सोपं करू. मग प्रस्तावना तुम्हाला पटली नसती. माझा करार मार्चमध्ये संपतोय सर. मुलाखतीला लेख दाखवावा लागतो. राजीव म्हणाला, ताबडतोब टाकू.”

“राजीव म्हणाला. राजीवनं केलं काय ह्याच्यात?”

“इंग्रजी,” सुधन्वा प्रामाणिकपणे म्हणाला.

“आणि माझं नाव?”

“नाव घालायचं तर विचारावं लागतं ना सर. न विचारता कोणाचं नाव टाकता येत नाही, नियम आहे. आणि विचारलं असतं तर…”

“तर सहा वर्षं आणखी,” चंद्रप्रभा म्हणाली. “मीच म्हटलं त्याला, विचारू नकोस. टाकून मोकळा हो.”

सुधन्वानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि जिलबीच्या पुड्याचा दोरा सोडायला घेतला.

उल्हास तिच्याकडे बघत राहिला. तेहतीस वर्षं ही बाई आपल्या समोरच्या खुर्चीत बसून मटार सोलते आहे, आणि वर्षातल्या प्रत्येक लग्नकार्यात लोकांना सांगते आहे, की ह्यांचं मोठं काम चाललंय. दिवाळी ते फेब्रुवारी. ह्या काळात तिनं त्याच्या शेजारी झोपून काढलेल्या रात्री, त्याला दिलेले चहा, ‘जमतंय का?’ असं विचारणं. विचारणं! जमलेलं असताना. “तू मला विचारत होतीस,” तो म्हणाला. “रोज विचारत होतीस, जमतंय का म्हणून.”

“मग काय करायचं? न विचारलं असतं तर तुम्हाला संशय आला असता.”

“म्हणजे तू मला फसवलंस.”

“फसवलं,” ती म्हणाली. फाइलवर सही करावी तशी, एका शब्दात. मग खुर्ची ओढून बसली. “मला तो कागद घरातून जायला हवा होता हो. तुमच्या नावानं जावो, ह्याच्या नावानं जावो. ह्या टेबलावर मला सहा वर्षांत एकदा धड पापड लाटता आले नाहीत. तुम्ही उठता तो उलटा केस, झोपता तो उलटा केस. आपल्या स्वरूपाच्या लग्नात विहीणबाईंना तुम्ही सम-विषम समजावत होतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायली निकालात काढल्या, आणि घरात ही एक. ह्या पोरानं सांगितलं, झालं. मला रडू आलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ते पुन्हा ‘चालू आहे’ करून ठेवलं असतंत. नसतं?”

नसतं, असं त्याला म्हणायचं होतं. खाली एका मुलानं सायकलची घंटी सारखी वाजवत ठेवली होती. नसतं हे त्याला सिद्ध करता येईना.

“सर,” सुधन्वा म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम गंगाखेडचा झाला, “माझं चुकलं. काकूंचं नाही. मी आत्ता दुसरी आवृत्ती टाकतो. तुमचं नाव पहिलं. तुम्ही नुसतं हो म्हणा.”

आली वेळ. भुवया. उल्हासनं त्या वर घेतल्या. ‘कुठलं नाव’ हे दोन शब्द जिभेवर तयार होते, दुपारपासून घासून ठेवलेले. त्यांच्या मागे तो पूर्ण उभा होता, ताठ, पस्तीस वर्षांचा प्राध्यापक. आणि तोंडातून आलं ते “हो” होतं. इतक्या लवकर आलं, की सुधन्वाचं वाक्य पुरतं संपलंही नसेल. उल्हासनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि हे कोण बोललं म्हणून क्षणभर खोलीत बघितलं. चंद्रप्रभानं मान वळवून पुड्यातली जिलबी ताटलीत काढायला सुरुवात केली. तिनं ते ऐकलं नाही असं दाखवलं. आजच्या दिवसातलं सर्वांत मोठं सौजन्य ते हेच असावं.

“राजीवला विचारावं लागेल,” सुधन्वा म्हणाला, “तिघांची संमती लागते.” हात जिलबीनं चिकट होते म्हणून त्यानं फोन टेबलावर ठेवून कोपरानं स्पीकर लावला.

“हां बोल भाई,” फोनमधून राजीवचा आवाज आला. मागे कुठेतरी लग्नाचा बँड. सुधन्वानं घाईघाईनं हिंदीत सांगितलं, की आंबेकर सरांचं नाव लेखकांत घालायचं आहे. तुझा आवाज सगळ्यांना ऐकू येतोय हे सांगायला त्यानं तोंड उघडलंही, पण राजीव चपळ माणूस.

“अरे डाल दे यार, क्या फर्क पड़ता है. अल्फाबेट में तो अंकल जी सबसे ऊपर आ जाएंगे, चलो कोई नहीं. बुज़ुर्ग हैं, खुश हो जाएंगे. अच्छा सुन, पता क्या डालेगा? रिटायर हैं ना? तो यूनिवर्सिटी का तो नहीं लिख सकते.”

गणिताच्या लेखात नावाखाली पत्ता लागतो. कुठल्या संस्थेचा माणूस ते. सुधन्वानं उल्हासकडे बघितलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. उल्हास टेबलाच्या लाकडातली एक गाठ बघत होता. ही गाठ आजवर कधी दिसली नव्हती. नेहमी वर कागद असायचे.

“घरचा घाल,” चंद्रप्रभा म्हणाली. मग फोनकडे वाकून, डिलिव्हरीवाल्याला सांगावा तसा तिनं पत्ता सांगायला घेतला. हिंदीत, ठणठणीत आवाजात, सोसायटीचं नाव, सेक्टर, टॉवर. “पानी की टंकी के सामने,” ती म्हणाली, “दूसरा गेट. पहला बंद रहता है.”

“आंटी जी, टंकी नहीं चाहिए,” राजीव म्हणाला. “पिनकोड बोलिए बस.”

तिनं पिनकोड सांगितला. घाईत शेवटचा आकडा चुकला.

“पाच,” उल्हास म्हणाला. राजीवला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून तो फोनवर आणखी खाली वाकला, आणि पिनकोड पहिल्यापासून, एकेक आकडा सुटा करून सांगू लागला.